सॅमोएड पाळायचा विचार करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅमोएड म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

सायबेरियाच्या उत्तर भागातला, स्पिट्झ घराण्यातला (उभे कान, दाट केस, वर वळलेली शेपटी), मध्यम आकाराचा, बर्फावरची स्लेज गाडी ओढणारा कुत्रा. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गीकरणात तो गट 5 मध्ये येतो आणि त्याचा मानक क्रमांक 212 आहे. नराची आदर्श उंची खांद्यापाशी 57 सेंटिमीटर, मादीची 53. दोन्हींत तीन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. नराचं वजन साधारण 20 ते 30 किलो, मादीचं 16 ते 23. फोटोत तो याहून बराच मोठा वाटतो, पण त्यातला निम्मा आकार केसांचा असतो. आंघोळीत भिजला की खरा कुत्रा दिसतो: आटोपशीर, पायांनी मजबूत, छातीला खोल. आयुष्य 12 ते 14 वर्षं.

मान्य रंग तीन: शुभ्र, मलई आणि पांढऱ्यावर फिकट बिस्किटी छटा. कानांवर बिस्किटी डाग दिसले म्हणून पिल्लू भेसळीचं ठरत नाही.

आमच्याकडच्या पांढऱ्या ‘पॉमेरियन’पेक्षा हा वेगळा कसा ओळखायचा?

आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, आणि सॅमोएड म्हणून गळ्यात मारला जाणारा कुत्राही बऱ्याचदा तोच. मोठ्या झालेल्या कुत्र्यात फरक लगेच कळतो. इंडियन स्पिट्झचं तोंड निमुळतं, कान पातळ आणि टोकदार, पाय बारीक. सॅमोएडचं डोकं पाचरीसारखं रुंद असतं. कान जाड, टोकाशी गोलसर आणि एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब. पंजे लांबट, बोटांच्या मधे केसांची गादी. ओठांची किनार काळी आणि कोपऱ्यांशी वर वळलेली.

दोन महिन्यांच्या पिल्लांत मात्र जाणकारही फसतात. तिथे पिल्लाकडे बघत बसण्यापेक्षा त्याची आई समोर आणायला सांगा. ‘आई गावाला आहे’ असं उत्तर मिळालं तर व्यवहार तिथेच थांबवा.

तो पूर्वीपासून पांढराच होता का?

नाही. यमाल द्वीपकल्प आणि आसपासच्या टुंड्रा प्रदेशात नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन भटकत. रशियन लोक त्यांना पूर्वी सॅमोएड म्हणत, त्यावरून कुत्र्याचं नाव पडलं. त्यांच्याकडचे कुत्रे कळप वळवत, शिकारीला जात, प्रसंगी स्लेज ओढत आणि रात्री चुम नावाच्या तंबूत माणसांजवळ झोपत. रंगाशी कोणाला देणंघेणं नव्हतं; काळे, तपकिरी, ठिपक्यांचे असे सगळे चालत.

अर्नेस्ट किलबर्न-स्कॉट या इंग्रज गृहस्थाने 1889 मध्ये रशियाच्या आर्खांगेल्स्क भागातून सबार्का नावाचं जे पिल्लू इंग्लंडला नेलं, तेही तपकिरी होतं. पुढे पांढऱ्या आणि मलई रंगाच्या कुत्र्यांची निवड होत गेली ती इंग्लंडमध्ये. अमेरिकन केनेल क्लबने पहिल्या सॅमोएडची नोंद 1906 मध्ये केली. म्हणजे कुत्र्याचं काम आणि स्वभाव टुंड्रातला, रंगाचा हट्ट इंग्लंडमधला. नेनेत्स लोकांकडे आजही रेनडिअर राखणारे कुत्रे आहेत. ते अंगाने लहान आहेत आणि रंगाने एकसारखे नाहीत.

ध्रुवीय मोहिमांत हेच कुत्रे होते का?

याच्या पूर्वजांच्या जातकुळीतले होते. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याने फ्राम जहाजाच्या 1893 च्या मोहिमेसाठी पश्चिम सायबेरियातले कुत्रे घेतले. मार्च 1895 मध्ये तो आणि त्याचा साथीदार योहान्सेन 28 कुत्रे घेऊन जहाजावरून उत्तर ध्रुवाकडे निघाले. वाटेत शिधा संपत गेला तसा एकेक कुत्रा मारून तो बाकीच्यांना खायला घातला गेला. परत एकही आला नाही. विक्रीच्या जाहिरातींत मोहिमांचा वारसा छापतात, हा भाग गाळतात.

दक्षिणेकडचा दुवा अंटार्क्टिक बक या कुत्र्याचा. बोर्खग्रेविंक या संशोधकाच्या 1898 ते 1900 च्या अंटार्क्टिका मोहिमेशी त्याचा संबंध सांगितला जातो. किलबर्न-स्कॉटना तो सिडनीच्या प्राणिसंग्रहालयात मिळाला, आणि इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या पैदाशीत त्याचं रक्त आलं.

स्वभाव कसा असतो? राखणीला चालेल?

भुंकून कोणी आल्याचं सांगेल, आणि दार उघडलंत की आलेल्याच्या अंगावर पाय ठेवून स्वागत करेल. राखणदार हवा असेल तर हा नको.

तंबूत माणसांबरोबर झोपणाऱ्या कुत्र्याची ही औलाद. त्यामुळे त्याला माणसांत राहायचं असतं, गच्चीवर किंवा पोर्चमध्ये नाही. लहान मुलांशी जमतं, पण खेळण्याच्या भरात तीन-चार वर्षांचं मूल सहज आडवं होतं. मोठं माणूस जवळ हवंच. मांजर, ससा, कोंबडी यांच्यामागे धावण्याची ऊर्मी त्याच्यात असते. मांजराबरोबर लहानपणापासून वाढला तर घरातलं मांजर चालतं, रस्त्यावरच्या मांजराची खात्री देता येत नाही.

हाक मारल्यावर लगेच येईलच असं नाही. ऐकू आलेलं असतं. जावं की नाही याचा तो विचार करत असतो. म्हणून उघड्या मैदानात 10 मीटरची लांब दोरी लावा, मोकळा सोडू नका. कुंपणाखालून उकरून निघून जाण्यातही त्याचा हातखंडा आहे.

फार भुंकतो असं ऐकलंय. खरं का?

खरं. रेनडिअरचा कळप वळवायचा तो आवाजाने, तेव्हा भुंकणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. आवाज उंच आणि भेदक असतो. तिसऱ्या मजल्यावर भुंकला की तळमजल्यावर कळतं.

पूर्ण गप्प करता येणार नाही, आटोक्यात आणता येतं. आधी कशावर भुंकतो ते पाहा. लिफ्टचा आवाज, खिडकीतून दिसणारे रस्त्यावरचे कुत्रे, कंटाळा, ही नेहमीची कारणं. खिडकीच्या खालच्या भागाला दूधकाच लावल्यासारखा पडदा चिकटवला की निम्मा प्रश्न सुटतो. मग ‘बस’ शिकवा: भुंकत असताना ओरडू नका, खाऊ नाकाशी न्या, तो वास घेण्यासाठी थांबला की दोन सेकंद मोजा, ‘बस’ म्हणा आणि खाऊ द्या. दोनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद करत जा. रोज पाच मिनिटं पुरतात. आपण ओरडलो तर त्याला वाटतं, आपणही त्याच्याबरोबर भुंकतोय.

दिवसभर आम्ही ऑफिसला असतो. जमेल?

नाही. मोठा कुत्रा सवय लावल्यावर चारेक तास एकटा राहतो, पिल्लू त्याहून बरंच कमी. आठ-नऊ तास कोंडलेला सॅमोएड सोफ्याचा फोम उपसतो, दाराची चौकट कुरतडतो किंवा शेजारी तक्रार करेपर्यंत विव्हळतो. एकटं राहण्याची सवय एका मिनिटापासून वाढवत न्यावी लागते. पहिल्या दिवशी एक तास सोडून पाहिलं की बिघडलीच म्हणून समजा.

मुंबई, पुणे, नागपूरच्या हवेत तो राहील का?

एसीच्या भरवशावर जिवंत राहतो, हे खरं. पण आमचं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या सखल भागात आणि कोकण-गोव्यात हा कुत्रा घेऊ नये.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करतो आणि त्यातून अंग थंड ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत वाफ फारशी होत नाही, म्हणून 32 अंशांतही त्याची अवस्था नागपूरच्या कोरड्या 40 अंशांइतकी वाईट होऊ शकते. ‘पुण्याची हवा थंड’ हा समज मार्च-एप्रिलमध्ये महागात पडतो. आणि महाबळेश्वर-लोणावळ्यात गारवा असला तरी चार महिने धुकं आणि पाऊस. तिथे आतले केस वाळतच नाहीत, कातडी कुजायला लागते.

ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांच्यासाठी:

फिरायला सूर्योदयाच्या आधी आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजे भाजतात. खोली 22 ते 24 अंशांवर. वीज गेली की काय करायचं ते आधी ठरवा, कारण घरगुती इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. ज्या घरात भारनियमन होतं तिथे जनरेटर किंवा एसी असलेलं दुसरं घर हाताशी हवं. गाडी बंद करून ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्र्याला आत ठेवणं तर कोणत्याच महिन्यात नाही.

उष्माघात झाला हे कसं ओळखायचं, आणि आधी काय करायचं?

जीभ लांब बाहेर आणि टोकाला चमच्यासारखी पसरलेली, हिरड्या विटकरी लाल, लाळ घट्ट आणि चिकट, चालताना झोक जाणं, उलटी, जुलाब. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून 40 च्या वर दिसलं तर धोका सुरू. 41 च्या वर आतले अवयव निकामी व्हायला लागतात.

आधी थंड करा, मग दवाखाना. सावलीत किंवा एसीत आणा आणि अंगावर सतत गार पाणी ओता. सॅमोएडमध्ये इथेच गफलत होते: वरचे केस पाणी उडवून लावतात आणि कातडी कोरडीच राहते. एका हाताने केस फाकवा, दुसऱ्या हाताने पाणी कातडीपर्यंत पोचवा. पोट, जांघा आणि काखा आधी. समोर पंखा लावा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम येतं, हे आयत्या वेळी लक्षात येत नाही. पहिली बादली हात घालून पाहा आणि फ्रिजमधल्या बाटल्या त्यात मिसळा.

ओला टॉवेल अंगावर पांघरू नका. तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, बळजबरीने तोंडात ओतू नका. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. उष्माघातावर तिचा उपयोग नाही आणि कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. तापमान 39.4 च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. त्यानंतर कुत्रा ठीक दिसला तरी डॉक्टरांकडे नेणं टाळू नका. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसतं.

मग उन्हाळ्यात सगळे केस कापून टाकले तर?

नको. त्याच्या अंगावर दोन थर असतात: आत मऊ, दाट लोकर आणि वर सरळ, राठ केस. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. मशीन फिरवली की गुलाबी कातडी उघडी पडते आणि भाजते. शिवाय आतली लोकर लवकर वाढते, वरचे केस सावकाश. परिणामी अंगावर कापसासारखा गुंता उगवतो, त्यात हवा खेळत नाही. काही कुत्र्यांत केस ठिकठिकाणी परत येतच नाहीत. उन्हाळ्यात खरा उपाय म्हणजे सुटलेली लोकर विंचरून काढणं. बोटांच्या मधले, पंजांखालचे आणि गुदद्वाराभोवतीचे केस कात्रीने छाटायला हरकत नाही.

ब्रश कसा करायचा? वरवर केला तरी गाठी होतात.

वरवर केल्यामुळेच होतात. वरून गुळगुळीत दिसतं आणि कातडीलगत नमदा तयार होतो.

लागणारी हत्यारं चार: लांब दातांचा पिन ब्रश, बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, स्टीलचा कंगवा आणि आतली लोकर ओढून काढणारा अंडरकोट रेक. रेक फक्त केस झडण्याच्या दिवसांत. एरवी वापरला तर चांगली लोकरही उपटली जाते.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. पोटाच्या कडेपासून सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर दाबून धरा म्हणजे कातडीची एक रेघ उघडी पडेल. तिथे पाण्याचा हलका फवारा मारा, कारण कोरडे केस ओढले की तुटतात. मग ब्रश कातडीपासून बाहेरच्या दिशेने. रेघ मोकळी झाली की दोन-तीन सेंटिमीटर वर सरका. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत जा, मग दुसरी कूस. शेवटी कंगवा फिरवा. कंगवा अडला तर तिथे गाठ आहे, ब्रश काहीही म्हणो.

कानांच्या मागे, काखेत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायांच्या झुपक्यात गाठी हटकून होतात. गाठ सापडली तर बुडाशी बोटांनी चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत या. कात्रीचं टोक कातडीकडे कधीही नको.

एरवी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 45 मिनिटं ते तास. लोकर झडायच्या दिवसांत रोज वीस-तीस मिनिटं.

आंघोळ किती दिवसांनी?

सहा ते आठ आठवड्यांनी पुरे. या कुत्र्याच्या अंगाला वास फार कमी येतो, आणि चिखल वाळला की बराचसा आपोआप झडून जातो.

आधी पूर्ण विंचरा. गाठ भिजली की आवळते. शाम्पू एकास दहा पाण्यात पातळ करा, नाहीतर तो वरच्याच थरात अडकतो. फेस जाईपर्यंत धुवा, आणि फेस गेला असं वाटल्यावर पुन्हा तेवढाच वेळ धुवा. राहिलेल्या शाम्पूने खाज येते.

सगळ्यात जास्त वेळ वाळवायला लागतो. टॉवेल आणि घरातल्या हेअर ड्रायरने हे काम होत नाही. जोरात हवा फेकणारा कुत्र्यांचा ब्लोअर लागतो आणि त्यानेही दोनेक तास जातात. केस बोटांनी फाकवून कातडी कोरडी लागते का ते पाहा. आत ओल राहिली की दोन दिवसांत ओली, लाल, दुर्गंधी येणारी जखम उमटते. पावसाळ्यात रोजच्या फिरण्यानंतरही पोट आणि पाय असेच वाळवावे लागतात.

केस किती गळतात? अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालतो म्हणे.

रोज थोडे, आणि वर्षातून एकदा-दोनदा पोत्याने. नसबंदी न केलेल्या मादीत हे सहसा माजाच्या चक्राबरोबर येतं. दोन-तीन आठवडे घरात पांढरे गोळे फिरत राहतात आणि काळी पॅन्ट घालायची सोय राहत नाही. अ‍ॅलर्जीला कारणीभूत प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, त्यामुळे कोणतीच जात पूर्णपणे ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ नसते. घरात दमेकरी असेल तर पिल्लू घ्यायच्या आधी मोठ्या सॅमोएडबरोबर बंद खोलीत दोन-तीन वेळा तासभर बसून पाहा.

डोळ्यांखाली आणि पंजांवर तांबूस डाग का पडतात?

अश्रू आणि लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे. डोळ्यांखालचे डाग रोज ओल्या कापसाने पुसून कोरडे ठेवा. अचानक वाढले तर डोळा दाखवा. पंजे तांबूस होत असतील तर तो ते चाटतोय, आणि चाटतोय म्हणजे बहुधा खाज, बुरशी किंवा कंटाळा. डाग घालवणाऱ्या पावडरी विकत घेण्याआधी चाटण्याचं कारण शोधा. काळं नाक हिवाळ्यात फिकट गुलाबी पडतं, ते मात्र निरुपद्रवी.

खायला काय आणि किती?

नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असलेल्या 25 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1200 ते 1250 किलोकॅलरी लागतात. 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य असेल तर हे 330 ते 350 ग्रॅम झालं; दोन वेळांत वाटून द्या. बक्षिसाचा खाऊ याच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि तेवढं जेवणातून वजा. उन्हाळ्यात तो स्वतःहून कमी खातो. वजन टिकून असेल तर मागे लागू नका. केसांमुळे लठ्ठपणा डोळ्यांना दिसत नाही. बोटं केसांत घालून बरगड्या चाचपा: हलक्या दाबाने मोजता आल्या पाहिजेत.

नुसत्या दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर हा कुत्रा पोसला जात नाही. प्रथिनं कमी पडतात, आणि धान्यातल्या फायटेट या घटकामुळे जस्त नीट शोषलं जात नाही. उत्तरेकडच्या जातींत जस्ताच्या कमतरतेने नाक, डोळे आणि तोंडाभोवती खपल्या धरतात. हस्की आणि मॅलम्यूटमध्ये हे जास्त, सॅमोएडमध्येही दिसतं. घरचं द्यायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्या. पिल्लाला मनाने कॅल्शियमचं सिरप देणं बंद करा. जास्त कॅल्शियमने हाडं वेडीवाकडी वाढतात.

कांदा-लसणाची फोडणी असलेलं काहीही, द्राक्षं, मनुके, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरलं जाणारं गोडवा आणणारं द्रव्य) असलेले गोड पदार्थ वर्ज्य. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे विसरू नका.

रोज किती पळवायचं? ओढायला कधी शिकवायचं?

मोठ्या कुत्र्याला रोज दीड-दोन तास, दोन भागांत, आणि त्यातला थोडा वेळ डोकं चालवण्याचा: वास शोधणं, नवीन आज्ञा. पिल्लाला जिने आणि उंच उड्या नकोत.

वजन ओढायला लावायचं ते हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण दीड वर्षानंतर. तोवर हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, वजन न जोडता घालून फिरवा आणि दिशांच्या आज्ञा शिकवा: स्लेजच्या खेळात उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, आणि दुर्लक्ष करून पुढे चल म्हणजे ‘ऑन बाय’. गळपट्ट्याला दोरी लावून कधीच ओढू देऊ नका, श्वासनलिका दाबली जाते. मापाचा एक्स-बॅक (पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला) हार्नेस, ताण शोषणारी लवचीक दोरी आणि माणसासाठी कंबरपट्टा एवढ्यावर धावण्याचा खेळ, म्हणजे कॅनिक्रॉस, सुरू होतो. सुरुवातीला एक किलोमीटर पुरे. हवा 15 अंशांच्या वर गेली की ओढकाम बंद. म्हणून महाराष्ट्रात याला वाव जवळजवळ नाही. टोरांटो, मिनेसोटा किंवा स्कँडिनेव्हियात राहणाऱ्यांना आहे. वेगाची अपेक्षा ठेवू नका, अलास्कन हस्की याला सहज मागे टाकतात.

बर्फाळ देशात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे चिरतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, आणि बोटांच्या मधले केस छाटा म्हणजे बर्फाच्या गोळ्या अडकणार नाहीत.

कोणते आजार लक्षात ठेवायचे?

याच जातीच्या नावाने ओळखला जाणारा मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आहे. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून नरांना जबर फटका बसतो: दोन-तीन महिन्यांच्या वयात लघवीत प्रथिन दिसू लागतं आणि दीडेक वर्षाच्या आत मूत्रपिंड निकामी होतात. मादी बहुधा सौम्य लक्षणांवर निभावते, पण दोष पुढच्या पिढीला देते. यासाठी डीएनए चाचणी आहे. आईच्या चाचणीत दोष आढळला नसेल तर प्रश्नच मिटतो.

खुब्याच्या सांध्याचा दोष, डोळ्यांचे आनुवंशिक आजार (दृष्टिपटल झिजणं, काचबिंदू) आणि मधुमेह हे पुढचे. मधुमेहाचं प्रमाण या जातीत इतरांपेक्षा जास्त आहे आणि तो सहसा मध्यम वयानंतर दिसतो. पाण्याचं भांडं वारंवार रिकामं होणं, घरात लघवी होणं आणि खाऊनही वजन उतरणं ही लक्षणं दिसली तर साखर तपासा. इन्सुलिन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर द्यावं लागतं.

डॉक्टरांच्या कानावर एक गोष्ट जरूर घाला: सल्फा गटातल्या औषधांची तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका सॅमोएडमध्ये जास्त असतो. पर्यायी औषध सहसा असतं.

आपल्याकडे याशिवाय गोचीड. दाट केसांत ती दिसत नाही आणि एर्लिकिया, बॅबेसिया हे ताप देऊन जाते. कानांच्या आत, बोटांच्या मधे, काखेत आणि गळ्याखाली रोज बोटांनी चाचपा. गोचीडनाशक गोळी किंवा थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने बाराही महिने. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पावसाळ्याच्या आधी.

पिल्लू घेताना काय पाहायचं?

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवरचा मायक्रोचिप क्रमांक रीडरने पिल्लाच्या अंगावर तपासून घ्या. नुसता कागद कुठल्याही पिल्लाबरोबर देता येतो.

त्यानंतर आई-वडिलांच्या खुब्यांचा अहवाल, डोळ्यांची तपासणी आणि मूत्रपिंडाची डीएनए चाचणी. ‘आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही’ हा अहवाल नव्हे. ‘थेट रशियाहून आणलेलं’ असं सांगणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं मागा. 2016 मध्ये केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आणले आहेत. कुरिअरने किंवा बसच्या डिकीतून पिल्लू पाठवायला तयार असणाऱ्याशी बोलणंच नको.

परदेशातून भारतात परत येतोय, सॅमोएड बरोबर आणता येईल का?

राहतं घर हलवून परत येणाऱ्यांना पाळीव कुत्रा बरोबर आणता येतो. त्यासाठी अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसचं ना हरकत प्रमाणपत्र, तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि मुदतीतली रेबीजची लस लागते. विमान कंपन्या कडक उन्हाळ्यात कुत्रे घ्यायला नकार देतात, म्हणून प्रवास डिसेंबर-जानेवारीत आणि उतरण्याची वेळ रात्रीची ठेवा. पिंजऱ्याची सवय दोन महिने आधीपासून लावा. झोपेचं औषध देऊन पाठवू नका. गुंगीत श्वास आणि तापमान दोन्ही बिघडतात. मुंबईत उतरल्यावर तपासणी होईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा घ्यायला येणाऱ्याला गाडीचा एसी आधीच सुरू करून ठेवायला सांगा.

कुत्रा दहा वर्षांच्या पुढचा असेल, किंवा घर विदर्भात किंवा कोकणात असेल, तर तिकडेच चांगलं घर शोधून देण्याचा पर्याय मनात धरून मगच तिकीट काढा.

गळलेल्या केसांची लोकर होते का?

होते. फक्त आतली मऊ लोकर घ्यायची, वरचे राठ केस वेगळे काढायचे. विंचरलेली लोकर कापडी पिशवीत कोरडी साठवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. धागा मेंढीच्या लोकरीपेक्षा उबदार होतो पण ताणला की परत येत नाही, म्हणून मेंढीच्या लोकरीबरोबर निम्मं-निम्मं मिसळून काततात. टोपी आणि मफलरला चांगला. स्वेटर विणलात तर तो घालायला हिमाचलला जावं लागेल.